वाण नाही, पण गुण लागला

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमचे विज्ञानशिक्षक आठवडाभर रजेवर गेले आणि नववीचा आरोग्यविषयक पाठ आमच्या वाट्याला आला. वास्तविक आम्ही कलाशाखेचे पदवीधर. मराठीचे व्याकरण आणि इतिहासातील सनावळ्या यांपलीकडे आमची फारशी गती नाही. तरीही पाठ्यपुस्तक हाती धरून आम्ही वर्गात गेलो, प्रतिजैविके म्हणजे काय ते सांगितले आणि फळ्यावर ठळक अक्षरांत एक वाक्य लिहिले : 'प्रतिजैविकांचा कोर्स अर्धवट सोडू नये, सोडल्यास रोगजंतू शिरजोर होतात.' मुलांनी ते निमूटपणे वहीत उतरवून घेतले. तास निर्वेध पार पडला असे वाटत असतानाच मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली.

"सर, आमच्या आजीला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. तिला बरे वाटले तेव्हा चार उरल्या. मग माझ्या धाकट्या भावाला सर्दी झाली, तेव्हा आजीने त्या त्याला दिल्या. म्हणजे कोर्स पूर्ण झाला ना?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. परंतु उत्तर द्यावयाची वेळ आली तेव्हा आमची जीभ अडखळली. आजीचे चुकले यात शंका नव्हती. पण फळ्यावरील वाक्याच्या आधारे ती चूक नेमकी कोठे दाखवावयाची? सर्दी विषाणूंमुळे होते, आणि प्रतिजैविकांचा विषाणूंवर काडीचाही परिणाम होत नाही, एवढे आम्हाला ठाऊक होते. म्हणजे त्या मुलाच्या अंगात शिरजोर व्हावयाला तो रोगजंतू मुळी नव्हताच. मग बिघडले काय? "औषध वाया गेले, एवढेच," असे सांगून आम्ही वेळ मारून नेली आणि घंटा झाली.

ते उत्तर चुकीचे होते. किती चुकीचे होते, हे त्यानंतर मिळतील ती पुस्तके वाचताना हळूहळू आमच्या ध्यानात आले. त्या मुलीला वर्गात द्यावयाचे राहिलेले उत्तर आम्ही येथे लिहीत आहोत. ते थोडे लांबले आहे; पण तिचा प्रश्नच तसा होता.

प्रथम आपल्या आतड्यातील वस्तीची ओळख करून घेऊ. सत्तर किलो वजनाच्या मनुष्याच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लक्ष कोटी असतात, आणि त्याच देहात राहणाऱ्या जीवाणूंची संख्या सुमारे ३८ लक्ष कोटी भरते. जुन्या पुस्तकांत जीवाणू पेशींच्या दसपट असल्याचे लिहिलेले आढळते. इस्राएलमधील शास्त्रज्ञांनी २०१६ साली नव्याने हिशेब मांडून तो आकडा खाली आणला. या सर्व जीवाणूंचे एकत्रित वजन अवघे २०० ग्रॅमच्या आसपास, कारण ते अतिशय लहान असतात. त्यांतील बहुतेक सर्वांचे बिऱ्हाड मोठ्या आतड्यात. तेथील एका ग्रॅम ऐवजात सुमारे १० हजार कोटी जीवाणू सापडतात.

या वस्तीतील एक मोठे कूळ म्हणजे 'बॅक्टेरॉइडिस'. आहाराप्रमाणे त्याचे प्रमाण कमीजास्त होते. पण पुष्कळ माणसांच्या मोठ्या आतड्यात ते एकूण वस्तीच्या पाव हिश्श्याइतके असते. आपण भाजी, कडधान्ये, फळे खातो. त्यांतील तंतुमय भाग पचविण्याची शक्ती आपल्या जठरात नाही. तो तसाच पुढे मोठ्या आतड्यात येतो आणि हे जीवाणू तो फोडून त्यापासून आम्ले तयार करतात. त्या आम्लांवर आतड्याच्या अस्तरातील पेशी आपला निर्वाह करतात. म्हणजे हे भाडेकरू भाडे नियमित भरणारे आहेत. अपेंडिक्स फुटून किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी ते आतड्याबाहेर पोटाच्या पोकळीत सांडले, तर मात्र तेच जीवाणू पू आणि गळू उत्पन्न करतात. जागेवर असेपर्यंत सज्जन, जागा सुटली की उपद्रवी; असे आपण माणसांतही पाहतो.

बॅक्टेरॉइडिसला प्राणवायू सोसत नाही. त्यामुळे तो प्रयोगशाळेत वाढविणे कष्टाचे काम. त्याच आतड्यात राहणारा 'ई. कोलाय' हा जीवाणू उघड्या हवेतही सुखाने वाढतो, म्हणून बहुतेक संशोधक त्याच्याच मागे लागले आणि वस्तीतील बहुसंख्य मंडळी दुर्लक्षित राहिली. हे दुर्लक्ष ज्यांनी दूर केले त्यांत अमेरिकेतील विदुषी ॲबिगेल सॅलियर्स यांचे नाव पहिल्या रांगेत घ्यावे लागेल.

सॅलियर्स बाईंचा जन्म १९४२ सालचा, केंटकी राज्यातील लुईव्हिलचा. त्यांनी आधी गणिताची पदवी घेतली आणि १९६९ साली जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातून अणुकेंद्राच्या भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर त्या मेरीलँडमधील एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागल्या. येथवरचे चरित्र वाचणाऱ्याला पुढे आतड्यातील जीवाणू येतील असे स्वप्नातही वाटणार नाही. परंतु तिशी ओलांडल्यावर त्यांनी विषय बदलला. व्हर्जिनियातील एका संस्थेत, जेथे प्राणवायूविना जगणाऱ्या जीवाणूंचा खास अभ्यास चाले, तेथे त्या पुन्हा विद्यार्थिनी होऊन दाखल झाल्या. आणि १९७८ साली इलिनॉय विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा थाटली. २००१-०२ या वर्षी अमेरिकेच्या सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. २०१३ साली त्या निवर्तल्या. परक्या विषयाचा तास घ्यावा लागला म्हणून कुरकुरणाऱ्या आमच्यासारख्याने हे चरित्र दोनदा वाचले, हे येथे कबूल केलेले बरे.

आरंभी त्यांना जाणून घ्यावयाचे होते ते एवढेच, की हे जीवाणू तंतुमय अन्न फोडतात कसे. त्यासाठी त्यांची जनुके अभ्यासावी लागली, आणि ती अभ्यासताना एक निराळीच गोष्ट पुढे आली. बॅक्टेरॉइडिसचा एक जीवाणू दुसऱ्याला प्रतिजैविकाविरुद्धचे कवच देत होता. ते वंशपरंपरेने मिळालेले नव्हते; एकाने ते शेजाऱ्याच्या हवाली केले होते.

हे नीट समजून घ्यावयास हवे. आपल्याकडे गुण आईबापांकडून मुलांकडे येतात. शेजाऱ्याचे डोळे निळे असले म्हणून त्याच्या ओट्यावर बसून आपले डोळे निळे होत नाहीत. जीवाणू एकाचे दोन, दोहोंचे चार होतात, तेव्हा त्यांच्यातही वारसा असाच वरून खाली उतरतो. पण याखेरीज त्यांच्यात एक आडवी वाट आहे. दोन जीवाणू एकमेकांना चिकटतात आणि एकाच्या जनुकांची प्रत दुसऱ्यात जाते. दोघे एका जातीचे असलेच पाहिजेत असे नाही. आपल्या भाषेत म्हण आहे : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. या म्हणीतील वाण म्हणजे वर्ण, रंग. शेतकरी बियाण्याच्या जातीला वाण म्हणतात, तो अर्थ घेतला तरी येथे चपखल बसतो. जीवाणूचे वाण तेच राहते. गुण मात्र शेजारच्या दाव्याला बांधलेल्याचा लागतो.

तसे पाहता ही आडवी वाट सर्वस्वी नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आमांशाची मोठी साथ होती. १९५० नंतरच्या दशकात तेथील डॉक्टरांना असे जंतू आढळू लागले, की जे एकाच वेळी तीनचार औषधांना दाद देत नसत. एकेका औषधाविरुद्ध वेगवेगळा बदल होऊन हे घडावे, तर त्याला फार काळ लागला असता. १९५९ साली तेथील दोन संशोधक गटांनी दाखविले, की आमांशाच्या जंतूने हे सारे गुण एकदम उचलले होते, आणि ई. कोलायकडून तो ते उचलू शकत होता. आतड्यातील निरुपद्रवी रहिवासी देणारा, आणि रोगजंतू घेणारा. त्यावेळी जपानबाहेर या शोधाची दखल घेण्यास काही वर्षे लागली.

सॅलियर्स बाईंनी जे पाहिले ते याच्याही पुढचे होते. त्यासाठी टेट्रासायक्लिन या औषधाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. या कुळातील पहिले औषध, ऑरिओमायसिन, १९४८ साली अमेरिकेतील लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडले. मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ते बेंजामिन डग्गर यांनी मिळविले. आणि त्या प्रयोगशाळेतील संशोधनाची सूत्रे आंध्रातील भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती होती. आपल्या देशातील फार थोड्या लोकांना हे नाव ठाऊक आहे याचा आम्हाला खेद वाटतो. टेट्रासायक्लिन जीवाणूच्या प्रथिने तयार करणाऱ्या कारखान्यात जाऊन बसते. काम थांबते आणि जीवाणूची वाढ खुंटते. ज्या जीवाणूजवळ विशिष्ट जनुक असते, तो एक प्रथिन तयार करतो आणि ते प्रथिन औषधाला त्या आसनावरून ढकलून देते. कारखाना पुन्हा चालू होतो.

बॅक्टेरॉइडिसमध्ये हे जनुक एकटे नसते. ते सुमारे ६५ हजार अक्षरांच्या एका लांब जनुकसंचात गुंफलेले असते. शास्त्रज्ञांनी त्या संचाला 'सीटीएनडॉट' असे नाव दिले आहे. एरवी हा संच जीवाणूच्या मुख्य गुणसूत्रात शिवून टाकल्यासारखा गुपचूप बसलेला असतो. वेळ आली म्हणजे तो तेथून सुटतो, त्याचे कडे बनते, त्याची एक प्रत शेजाऱ्याकडे रवाना होते, आणि मग दोन्हीकडे तो पुन्हा गुणसूत्रात शिवला जातो. देणाऱ्याचे काही कमी होत नाही. विद्येविषयी आम्ही वर्गात हेच सांगत असतो. जीवाणूंनी ते आमच्याही आधी आचरणात आणले आहे.

आता मुख्य प्रश्न : वेळ आली म्हणजे केव्हा? सॅलियर्स आणि त्यांच्या दीर्घकाळच्या सहकारी नाद्या शूमेकर यांनी या प्रश्नाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. फ्रान्समधील संशोधकांनाही १९७९ साली याचा सुगावा लागला होता. उत्तर असे, की टेट्रासायक्लिनच त्या संचाला जागे करते. जीवाणूंना या औषधाचा अल्पसा स्पर्श झाला, की संच सुटण्याचे व पसरण्याचे प्रमाण शंभरपटीपासून हजारपटीपर्यंत वाढते. औषधाचा स्पर्श नसताना तो क्वचितच हलतो. चोर पकडावयास शिपायाने शिट्टी फुंकावी, आणि ती ऐकून चोरांनी पळण्याऐवजी साऱ्या आळीत कुलपांच्या किल्ल्या वाटत सुटावे, तसा हा प्रकार आहे.

आणखी एक गोष्ट. त्या संचात बहुधा टेट्रासायक्लिनविरोधी जनुकाबरोबर इरिथ्रोमायसिन या निराळ्याच औषधाविरुद्धचे जनुकही असते. म्हणजे रोग्याने घेतले एक औषध. पसरले दोहोंविरुद्धचे कवच. शिवाय हा संच जागा झाला म्हणजे त्याच पेशीतील इतर सुटे जनुकसंचही त्याच्या जोरावर प्रवासाला निघतात. बैलगाडी सुटली की मागे लोंबकळणारी पोरे आपोआप गावाला पोचतात.

प्रयोगशाळेतील काचपात्रात घडते ते प्रत्यक्ष माणसांच्या पोटातही घडते काय, हा रास्त संशय आहे. त्याचे निरसन २००१ साली या गटाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने केले. १९७० पूर्वी माणसांकडून मिळवून जतन केलेले बॅक्टेरॉइडिसचे जुने नमुने त्यांनी बाहेर काढले आणि त्यांची नव्या नमुन्यांशी तुलना केली. जुन्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांत टेट्रासायक्लिनविरोधी जनुक होते. नव्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक नमुन्यांत ते आढळले. इरिथ्रोमायसिनविरोधी दोन जनुकांचे प्रमाण २ टक्क्यांच्या आतून २३ टक्क्यांवर गेले होते. निरनिराळ्या जातींतील जनुके अक्षराला अक्षर लावून पाहिली, तेव्हा एक अपवाद सोडता ती ९६ ते १०० टक्के सारखी भरली. परीक्षेत दोन विद्यार्थ्यांचे निबंध स्वल्पविरामांसकट जुळले, तर शिक्षकाला जो निष्कर्ष काढावा लागतो, तोच निष्कर्ष येथे निघाला. ही नक्कल होती, आणि ती अलीकडची होती.

या अभ्यासातील दोन गोष्टींनी आम्ही बराच वेळ अस्वस्थ झालो. पहिली अशी, की ज्यांनी अलीकडे कोणतेही प्रतिजैविक घेतले नव्हते अशा धडधाकट माणसांच्या जीवाणूंतही ही जनुके रोग्यांइतक्याच प्रमाणात होती. म्हणजे ही देवघेव रुग्णालयापुरती मर्यादित नाही. ती घरोघरी चालू आहे. आणि औषध थांबले तरी कवच गळून पडत नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहते असाच यातून संकेत मिळतो. दुसरी अशी, की बॅक्टेरॉइडिसमध्ये सापडलेली काही जनुके त्याच्या गोतावळ्यातील नव्हतीच. एक मातीत राहणाऱ्या जीवाणूच्या जनुकाशी ९९ टक्क्यांहून अधिक जुळत होते; दुसरे अन्नातून विषबाधा करणाऱ्या एका जंतूच्या जनुकाशी तंतोतंत वा जवळजवळ तसेच. ही कुळे बॅक्टेरॉइडिसपासून फार दूरची. तरीही त्यांच्यामध्ये जनुकांची येजा करणारी पायवाट आहे, एवढे यावरून सिद्ध झाले. सॅलियर्स बाई आतड्यातील या वस्तीला प्रतिरोधाचे आगार मानत. कित्येक जीवाणू अन्नपाण्याबरोबर आपल्या पोटात शिरतात, एकदोन दिवस मुक्काम करतात आणि निघून जातात. पंढरीच्या वाटेवरील धर्मशाळेत जसे चारी दिशांचे वारकरी एका ओसरीवर निजतात आणि सकाळी आपापल्या वाटेने जातात, तसे. त्या एका रात्रीत कोणी कोणाला काय दिले आणि कोणी काय नेले, याची नोंद कोठे असते?

ही आडवी देवघेव केवळ औषधांपुरती नाही, हेही सांगितले पाहिजे; नाहीतर जीवाणूंवर अन्याय होईल. जपानी लोक भाताच्या गुंडाळ्यांभोवती 'नोरी' नावाचे समुद्रशेवाळ लावून खातात. त्यातील एक शर्करायुक्त द्रव्य पचविण्याची जनुके समुद्रातील जीवाणूंजवळ असतात. २०१० साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखविले, की तीच जनुके जपानी लोकांच्या आतड्यातील बॅक्टेरॉइडिसमध्ये आलेली आहेत, आणि तपासलेल्या उत्तर अमेरिकनांमध्ये ती नाहीत. शेवाळाबरोबर पोटात गेलेल्या समुद्रजीवाणूंनी ती कधीकाळी दिली असली पाहिजेत. हे वाचताना आमच्या मनात सहज आले, की पिढ्यान्‌पिढ्या पेज आणि तोरांचे लोणचे खाणाऱ्या आमच्या कोंकणी घरांच्या पोटात कोणकोणते वाटसरू काय काय ठेवून गेले असतील. पण हा विषय निराळा.

औषध ज्याने घेतले त्याच्यापुरतेच परिणाम राहत नाहीत, हे दाखविणारा एक जुना प्रयोग सांगून मूळ प्रश्नाकडे वळतो. बोस्टनजवळ स्टुअर्ट लेव्ही या डॉक्टरांनी १९७६ साली तो प्रसिद्ध केला. एका शेतावर त्यांनी सुमारे ३०० कोंबड्या पाळावयास दिल्या. निम्म्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन कुळातील औषध मिसळले, निम्म्यांना साधे खाद्य दिले. कोंबड्या आजारी नव्हत्या. लवकर वाढाव्यात म्हणून असे औषध खाद्यात घालण्याची त्या देशात रीतच पडली होती. एका आठवड्यात औषध खाणाऱ्या कोंबड्यांच्या आतड्यातील ई. कोलाय जवळजवळ सर्वच्या सर्व औषधाला न जुमानणारे झाले. पुढे ज्या औषधांचा कणही त्यांना दिला नव्हता, त्यांच्याविरुद्धचे कवचही दिसू लागले. आणि पाचसहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या कुटुंबातील माणसांच्या पोटातही तशा जीवाणूंचे प्रमाण वाढले. शेजारच्या घरांत मात्र ते फारसे वाढले नाही. त्या माणसांनी औषध घेतले नव्हते. ती फक्त कोंबड्यांच्या सहवासात होती. आपल्या देशातही कोलिस्टिन हे अखेरच्या आशेचे औषध कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात सर्रास पडत असे; २०१९ साली केंद्र शासनाने त्याला बंदी घातली.

आता त्या चार गोळ्या. आमच्या विद्यार्थिनीच्या भावाला सर्दी होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत झाली, एवढेच असते तर आमचे उत्तर बरोबर ठरले असते. परंतु बंबातील पाणी सोमेश्वरी कोणाच्या तरी घरात शिरलेच. गोळी पोटात गेली, रक्तात मिसळली, आतड्यातही पोचली. तेथे लक्षावधी कोटी जीवाणू आपापल्या कामात होते. त्यांतील जे दुर्बल होते ते मेले. सुक्याबरोबर ओलेही जळते. ज्यांच्याजवळ कवच होते ते उरले, आणि मोकळ्या पडलेल्या जागेत त्यांची प्रजा वाढली. गोळी टेट्रासायक्लिन कुळातील असेल, तर किल्ल्या वाटण्याची शिट्टीही वाजली. प्रत्येक प्रतिजैविक अशी शिट्टी वाजवते असे मात्र नाही, आणि आजीच्या गोळ्या कोणत्या होत्या ते त्या मुलीला आठवत नव्हते. पण उरलेल्यांचे फावणे हे कोणत्याही प्रतिजैविकाने घडते. रोगजंतू अंगात असो वा नसो, औषधाचा पहिला सामना या मुक्या वस्तीशी होतो. लढाई नसताना केलेला गोळीबार वाया जात नाही. तो कोणाला तरी लागतोच.

आमच्या फळ्यावरील वाक्याची दुरुस्तीही केली पाहिजे. क्षयरोगासारख्या दुखण्यात महिनोन्‌महिने औषध घ्यावे लागते आणि ते मध्येच सोडल्यास खुद्द रोगाचाच जंतू प्रतिरोधी बनतो, हे पूर्ण सत्य आहे. तेथे एक दिवसही चुकविता कामा नये. पण तेच वाक्य प्रत्येक दुखण्याला लावून आम्ही मुलांच्या मनात अशी समजूत रुजविली, की जास्त दिवस घेतलेले औषध हे नेहमी अधिक सुरक्षित. २०१७ साली इंग्लंडमधील काही तज्ज्ञांनी याच समजुतीवर बोट ठेवले. आतड्यातील वस्तीच्या दृष्टीने प्रत्येक जादा दिवस हा जादा भार असतो, आणि कित्येक नेहमीच्या दुखण्यांत पूर्वीपेक्षा थोडे दिवस औषध पुरते असे आता दिसून आले आहे. किती दिवस घ्यावयाचे हे ठरविणे डॉक्टरांचे काम. ते आजीचे नव्हे, रुग्णाचे नव्हे, आणि नववीला मराठी शिकविणाऱ्याचे तर मुळीच नव्हे.

हे लिहिताना आम्ही आमच्या घरातील वखदाचा डबा उघडून पाहिला. (कोंकणीत औषधाला वखद म्हणतात, आमच्या घरी अजून तोच शब्द चालतो.) आईने जपून ठेवलेल्या बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, सुंठीच्या पुडीखाली, निरनिराळ्या सहा अर्ध्या पट्ट्या निघाल्या. त्यांतील तीन पट्ट्यांवर एका कडेने उभी लाल रेघ होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे औषध घेऊ नये, अशी त्या रेघेची खूण आहे. २०१६ पासून केंद्राच्या आरोग्य खात्याने तिचा प्रचार चालविला आहे. आम्ही आईला ती रेघ दाखविली. "ती रेघ मला ठाऊक आहे," ती म्हणाली, "मला वाटले कंपनीने शोभेसाठी काढली आहे." त्यांतील एक पट्टी आम्हीच दोन वर्षांपूर्वी ताप उतरल्यावर अर्धी टाकून दिली होती, हे तिने सांगितले नसते तर आम्ही विसरूनही गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही त्या मुलीला बोलावून घेतले आणि या लेखातील मजकूर साध्या शब्दांत सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "सर, भावाच्या पोटातले ते जीवाणू आता माझ्याही पोटात आले असतील का?" एका ताटात जेवणाऱ्या, एका मडक्यातले पाणी पिणाऱ्या भावंडांत तसे होऊ शकते, हे आम्ही तिला सांगितले; कोंबड्यांच्या शेतावरील कुटुंबाची गोष्टही सांगितली. ती काही बोलली नाही.

शनिवारी ती एक कागद घेऊन आली. घरातील डब्यातील गोळ्यांची तिने यादी केली होती. नाव, कोणासाठी आणल्या, किती उरल्या, असे तीन रकाने आखून. एकूण उरलेल्या गोळ्या एकोणीस. शेवटच्या ओळीत आजीच्या सांगण्यावरून तिने लिहिले होते : 'यातल्या कुठल्या ठेवायच्या ते सरांनी खूण करून पाठवावे.' आम्ही तो कागद खूण न करताच परत दिला आणि वर त्यांच्या डॉक्टरांचे नाव लिहिण्यास सांगितले.